मॉडेल दाखवताय ना, मग ते कसं बनवलं तेही दाखवा

ऑपरेशनच्या आधी पेशंटला समोर बसवून स्क्रीनवर त्याच्याच किडनीचं नाहीतर लिव्हरचं थ्रीडी मॉडेल फिरवून दाखवायची पद्धत आता बऱ्यापैकी रुळत चाललीये. धमन्या लाल, शिरा निळ्या, गाठ पिवळी, माऊसने हवं तसं फिरवा, लिव्हर अर्धपारदर्शक करून आत डोकवा. ज्या माणसाला सीटीच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांतलं ओ की ठो कळत नव्हतं त्याला "अच्छा, गाठ इथे आहे होय" एवढं तरी उमगतं, नातेवाइकांच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात, आणि सर्जनलाही कुठून शिरायचं याचा अंदाज आधीच येतो. जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळांच्या बाबतीत तर याचा फायदा फारच मोठा आहे, कारण तिथे कुठल्या कप्प्यातून कुठली नळी निघते आणि मधल्या पडद्याचं भोक नेमकं कुठल्या नळीच्या तोंडासमोर येतं हे सपाट चित्रांवरून डोक्यात जुळवणं भल्याभल्यांना जड जातं. मला या तंत्राविरुद्ध काहीही म्हणायचं नाहीये.

माझा आक्षेप ते ज्या पद्धतीने समोर ठेवलं जातं त्याला आहे. मॉडेल म्हणजे शरीराच्या आतला फोटोच असं पेशंट धरून चालतो, आणि खरं सांगायचं तर सतत बघून बघून डॉक्टरांनाही नकळत तसंच वाटायला लागतं. प्रत्यक्षात ते कोणीतरी एकामागून एक घेतलेल्या निर्णयांतून उभं राहिलेलं असतं. अवयवाची कड कुठून आखायची, कुठला ठिपका गाठीत धरायचा, कुठला सोडायचा, वरचा पृष्ठभाग किती घासायचा. यातला एकही निर्णय त्या चकचकीत मॉडेलवर दिसत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की उपचारासाठी बनवलेल्या प्रत्येक मॉडेलसोबत एक पान जोडणं बंधनकारक करा: कुठल्या तारखेच्या कुठल्या स्कॅनवरून, किती जाडीच्या स्लाइस (म्हणजे स्कॅनमधले शरीराचे काप), कुठलं सॉफ्टवेअर, कड कोणी आखली, कोणी तपासली, आणि कुठल्या भागाबद्दल खात्री नाही. आणि ज्या स्कॅनवरून हे बनलं तो मूळ डेटा पेशंटने मागितला की त्याला मिळालाच पाहिजे, त्यात का-कू नको.

एवढ्याशा गोष्टीला सक्ती कशाला असं वाटत असेल तर मॉडेल बनतं कसं ते जरा बघू.

सीटी मशीन मुळात आकडे काढतं, चित्र नंतर त्यावरून रंगवलं जातं. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ले हॉस्पिटलात गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या मशीनवर पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला तेव्हा एक चित्र होतं ८० बाय ८० चौकोनांचं. आज एक स्लाइस सर्रास ५१२ बाय ५१२ ची असते आणि अशा शेकडो स्लाइस एकावर एक रचलेल्या. त्यातल्या प्रत्येक बारीक ठोकळ्याला, म्हणजे व्हॉक्सेलला, एक आकडा मिळतो. पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, मऊ मांसल अवयव ढोबळमानाने ३० ते ७० मध्ये आणि हाड काहीशे पासून हजाराच्या वरपर्यंत. या मापाला हाउन्सफील्ड युनिटच म्हणतात, आणि या कामाबद्दल त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत १९७९ चं नोबेलही मिळालं.

आता हाडाचं मॉडेल करायचं तर काम सोप्पं वाटतं. सॉफ्टवेअरला एक आकडा द्यायचा, त्याच्या वरचं सगळं ठेव, खालचं गाळून टाक, चाळणीच म्हणा ना. पण लिव्हर, प्लीहा, स्नायू, आतड्याची भिंत यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की कुठलीही चाळणी लावा, एकाबरोबर दुसरं येतंच. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन फरक वाढवता येतो, पण मग स्कॅन इंजेक्शननंतर नेमका कितव्या सेकंदाला घेतला यावर धमनी उजळणार की शीर ते ठरतं. एमआरआयमध्ये तर असं ठरलेलं मापच नाही, तोच अवयव दुसऱ्या मशीनवर दुसऱ्याच आकड्यात दिसतो. मग शेवटी माणूस बसतो आणि स्लाइसमागून स्लाइस हाताने कड आखत जातो. याला सेगमेंटेशन म्हणतात. मॉडेल खरं इथे बनतं, आणि हे काम करणाऱ्याचं नाव सहसा कुठेच नसतं.

पुढचं काम कॉम्प्युटरचं, ठोकळ्यांच्या त्या ढिगावर कातडी चढवायचं. जनरल इलेक्ट्रिकमधल्या विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी १९८७ मध्ये मार्चिंग क्यूब्स नावाची रीत प्रसिद्ध केली. आठ कोपऱ्यांचा एक घन घ्यायचा, कुठले कोपरे आत आणि कुठले बाहेर ते बघायचं, एकूण शक्यता २५६, सारख्यासारख्या एकत्र केल्या की उरतात १५, आणि त्या-त्या शक्यतेप्रमाणे त्रिकोण ठेवत पुढच्या घनावर सरकायचं. फार सुंदर डोकं लावलंय यात दोघांनी, आजही हीच रीत आणि हिची भावंडं सगळीकडे वापरात आहेत. पण तिला आत आणि बाहेर एवढ्या दोनच गोष्टी कळतात. "बहुतेक आत असावं" असं तिला सांगायची सोयच नाही, त्यामुळे जिथे कड आखणाऱ्याचा हात थबकला होता तिथेही मॉडेलमध्ये तेवढीच ठाम भिंत उभी राहते.

हे किती ठिकाणी फसू शकतं ते बघायला एकच जागा जवळून बघू. डोळ्याच्या खोबणीचा तळ. शरीरातल्या अगदी पातळ हाडांपैकी हे एक, काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचं. वर चरबी, खाली सायनसची पोकळी म्हणजे हवा. समजा व्हॉक्सेलची उंची १ मिलिमीटर आहे आणि तिथलं हाड ०.३ मिलिमीटर. म्हणजे त्या ठोकळ्यात ३० टक्के हाड, उरलेल्या ७० टक्क्यांत समजा अर्धी चरबी आणि अर्धी हवा. हाडाला ८०० धरले तर त्याच्या वाट्याचे आले २४०, चरबीचे उणे ३५, हवेचे उणे ३५०. सगळं मिळून उणे १४५. हाड जागेवर आहे, शाबूत आहे, पण ठोकळ्याचा आकडा चरबीच्याही खाली गेला, तो गळून पडला आणि मॉडेलमध्ये खोबणीच्या तळाला चक्क भोक दिसायला लागलं!

आता हा पेशंट डोळ्याखाली मार लागून आलेला असेल तर ते भोक फ्रॅक्चरचं आहे की नुसतं सरासरीचं? मूळ स्लाइस बघणारा रेडिओलॉजिस्ट हे बऱ्याचदा सांगू शकतो, चरबी खाली लोंबतेय का, सायनसमध्ये रक्त साठलंय का अशा खुणा तो बघतो. नुसतं मॉडेल बघणाऱ्याला त्या खुणा दिसतच नाहीत, त्या चाळताना गेल्या. बरं, ज्याने मॉडेल बनवलंय त्याला ही भानगड माहीत असते, त्यामुळे तो अशी भोकं हाताने बुजवतो. झालं, हाड अखंड दिसतंय, प्रिंट पण छान येईल. पण बुजवलेल्यांपैकी एखादं भोक खरं असेल तर? मी असं म्हणत नाहीये की बुजवणारा निष्काळजी आहे, उलट बुजवल्याशिवाय ते मॉडेल वापरण्याजोगंच होत नाही. पण बुजवलंय हे लिहा ना कुठेतरी.

असंच रक्तवाहिन्यांचं. दोन वाहिन्या एकमेकींना खेटून जात असतील आणि मधली फट व्हॉक्सेलपेक्षा बारीक असेल तर मॉडेलमध्ये त्या चिकटून एक होतात, जणू तिथे फाटाच फुटलाय. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधला पातळ पडदाही असाच मॉडेलमधून गायब होऊ शकतो.

त्यानंतर घासकाम. स्लाइस जाड असल्या की मॉडेलवर जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात आणि त्या कोणालाच आवडत नाहीत, म्हणून स्मूदिंग लावतात. साधं स्मूदिंग पुन्हा पुन्हा लावलं की वस्तू आकसते, आणि मोठ्या लिव्हरला त्याचा फरक पडला नाही तरी बारीक वाहिनी अजून बारीक होते, छोटी गाठ अजून छोटी. यावर उपाय आहेत, आकसू न देणारं स्मूदिंग १९९५ पासून उपलब्ध आहे, पण या मॉडेलला कुठलं लावलं हे विचारल्याशिवाय कळत नाही आणि विचारतं कोण? पेशंट तर नाहीच. वर पुन्हा ५ मिलिमीटर जाडीच्या स्लाइसवरून बनलेलं मॉडेल आणि १ मिलिमीटरच्या स्लाइसवरून बनलेलं मॉडेल घासून झाल्यावर दिसायला सारखेच देखणे. एकात गाठ आणि शीर यांच्यामधलं २ मिलिमीटरचं अंतर खरंच मोजलेलं आहे, दुसऱ्यात ते दोन स्लाइसच्या मधल्या मोकळ्या जागेत अंदाजाने भरलेलं आहे, आणि सर्जन नेमकं त्याच २ मिलिमीटरकडे बघून ठरवतोय की किडनीचा तुकडा काढून भागेल की अख्खी किडनी.

रंगांचंही तेच. स्कॅनमध्ये लाल नाही, निळा नाही, पिवळा तर नाहीच नाही. गाठीला पिवळा रंग दिला की ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ठरलंच समजा, पण पसरत जाणाऱ्या गाठीची कड ही स्कॅनवर बहुतेक वेळा धूसर असते आणि दोन अनुभवी माणसांना आखायला दिली तर दोघांच्या रेषा तंतोतंत जुळत नाहीत. मेंदूतल्या काही गाठी तर अशा की स्कॅनवर दिसणाऱ्या कडेच्या बाहेरही त्यांच्या पेशी पोचलेल्या असतात. पिवळ्या ठोकळ्यात हे कुठे दिसणार.

इथे हमखास कोणीतरी म्हणतं, अहो हे सगळं जुनं झालं, आता एआय करतं, माणसाचा हातच लागत नाही. एआयने खूप मोठा फरक पाडलाय हे खरंच आहे. जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या संशोधकांनी २०१५ मध्ये यू-नेट नावाची एआयची रचना मांडली, तिच्यावर पुढे बरंच काही उभं राहिलं, आणि स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या टीमने काढलेलं टोटलसेगमेंटेटर हे सॉफ्टवेअर तर पहिल्याच आवृत्तीत सीटीवरच्या १०४ रचना आपोआप आखून देत होतं, तेही काही मिनिटांत. हाताने आखणाऱ्याचं कित्येक तासांचं काम. पण हे एआय शिकलं कशावरून? माणसांनी आखलेल्या नाहीतर माणसांनी सुधारलेल्या कडांवरूनच. कड कुठे धरायची याचा निर्णय गायब झालेला नाही, तो फक्त एक पायरी मागे सरकलाय आणि अजून दिसेनासा झालाय.

शिवाय एआयचे मार्क ज्या मापाने मोजतात ते माप एकदा समजून घ्या. डाइस स्कोअर. ली डाइस या प्राणिशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये दोन प्रजाती निसर्गात किती वेळा एकत्र सापडतात हे मोजायला हे सूत्र मांडलं, आज तेच दोन आकृत्या एकमेकींवर किती बसतात हे मोजायला वापरतात. पूर्ण जुळलं तर १, काहीच नाही तर ०. आता १५०० मिलिलिटरचं लिव्हर घ्या, त्याच्या कडेला ५ मिलिलिटरची एक गाठ आहे आणि एआयने लिव्हर अगदी बरोबर आखलं, फक्त ती गाठ असलेला भाग बाहेर सोडला. स्कोअर काढा: २ गुणिले १४९५, भागिले २९९५. आलं ०.९९८. पेपरात छापायला एकदम झकास आकडा, आणि ज्या गोष्टीसाठी पेशंट आला होता तीच मॉडेलमध्ये नाही. संशोधकांना हे माहीत नाही असं नाही, ते कडांमधलं अंतर वगैरे दुसरी मापंही देतात, पण जाहिरातीत आणि भाषणात मिरवतो तो हाच आकडा.

आणि वेगळ्या शरीरांचं काय? साधारण ५०० माणसांत एकाच्या दोन्ही किडन्या खालच्या टोकाला जोडलेल्या असतात, घोड्याच्या नालेसारख्या. ज्या एआयला डावी किडनी आणि उजवी किडनी अशी दोनच लेबलं शिकवलीयेत ते मधल्या पुलाचं काय करणार? कुठेतरी रेष मारून अर्धा इकडे अर्धा तिकडे करेल, नाहीतर पूल सोडूनच देईल. दोन्ही वेळा मॉडेल दिसायला नेटकंच. लिव्हरच्या धमन्या तर कितीतरी लोकांत पुस्तकातल्यापेक्षा वेगळ्या जागेहून निघतात, आणि मॉडेलचा खरा उपयोग अशाच माणसांना असतो, पुस्तकासारख्या शरीराला एवढं मॉडेल करायची गरज काय!

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रेडिओलॉजिस्ट मूळ स्लाइस बघतोच, त्याचा रिपोर्ट सही करून येतोच, मॉडेल ही नुसती जोड आहे, मग वेगळं पान कशाला? पेशंटला समजावण्यापुरतं मॉडेल असेल तर हे मी निम्मं मान्य करेन. पण मॉडेल तिथे थांबत नाही. जबड्याचा तुकडा काढून त्या जागी पायाच्या फिब्युला हाडाचा तुकडा बसवायचा असतो तेव्हा करवत कुठे आणि कुठल्या कोनात चालवायची यासाठी मॉडेलवरून साचा छापतात, तो साचा हाडावर बसवतात आणि त्याच्या खाचेतून करवत फिरते. धातूची पट्टीही छापलेल्या जबड्यावर आधीच वाकवून ठेवतात. इथे मॉडेलमधली चूक समजुतीत राहत नाही, ती हाडात कापली जाते. रिपोर्टवर सही आहे, साच्यावर कोणाची आहे?

त्यात ज्या फाइलमधून हे मॉडेल प्रिंटरकडे जातं ती एसटीएल फाइल म्हणजे एक अजब चीज आहे. तिच्यात त्रिकोण असतात, बस. मिलिमीटर की इंच ते नसतं, त्यामुळे घेणाऱ्या सॉफ्टवेअरने चुकीचं गृहीत धरलं की वस्तू २५.४ पट मोठी नाहीतर लहान. ही चूक निदान डोळ्याला लगेच दिसते. पण पेशंटचं नाव नसतं, तारीख नसते, आणि डावं-उजवं पण नसतं. स्कॅनच्या जगात अक्ष धरायच्या दोन पद्धती सरसकट चालतात, एकीत आकडा पेशंटच्या डावीकडे वाढतो, दुसरीत उजवीकडे, आणि एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना अदलाबदल नीट झाली नाही तर मॉडेल आरशातल्यासारखं उलटू शकतं. उलटलेली किडनी ही दिसायला अगदी व्यवस्थित किडनी असते, कोणालाही काहीही खटकत नाही. म्हणून तर जाणकार लोक मॉडेलवरच डावं-उजवं आणि पेशंटची खूण कोरून ठेवतात, पण ते त्यांच्या चांगुलपणावर, नियम म्हणून नाही.

बरं, यावर उपाय शोधायला नव्याने काही करायलाही नको. स्कॅनच्या फाइल ज्या डायकॉम पद्धतीत साठवतात ती १९८५ च्या एका जुन्या मानकातून आली आणि १९९३ पासून याच नावाने चालतेय. तिच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागात, स्लाइसची जाडी, तारीख, मशीन, सगळं आधीपासून असतं. सेगमेंटेशन साठवायचाही डायकॉममध्ये स्वतंत्र प्रकार आहे आणि त्यात कड हाताने आखली, अर्धी-अर्धी केली की पूर्ण आपोआप झाली हे नोंदवायची जागासुद्धा आहे. एवढंच काय, एसटीएल फाइल डायकॉमच्या आत गुंडाळून पाठवायची सोय पण केलीये, म्हणजे पेशंटचं नाव आणि माप तिच्यासोबतच प्रवास करतं. म्हणजे ज्यांनी मानकं लिहिली त्यांनी हा विचार करून ठेवलाय, आपण मात्र "एक्सपोर्ट एसटीएल" दाबतो आणि एका क्लिकमध्ये ती सगळी माहिती गळून जाते. त्यामुळे कामाचा बोजा वाढेल ही ओरड मला फारशी पटत नाही, पानावरचं निम्म्याहून जास्त सॉफ्टवेअरच भरून देऊ शकतं. माणसाला लिहायला उरतं ते शेवटचं, कुठे खात्री नाही ते, आणि तेच लिहायला जिवावर येतं.

नियम अजिबात नाहीत असंही नाही. अमेरिकेत निदानासाठी मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला एफडीएची, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, परवानगी लागते. युरोपच्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत, जे २०२१ च्या मे महिन्यात लागू झाले, हॉस्पिटलने स्वतःपुरतं बनवलेल्या उपकरणाचीही कागदपत्रं ठेवायला लावलीयेत. चांगलंच आहे. पण यांचा सगळा भर सॉफ्टवेअर कसं आहे आणि संस्था कशी आहे यावर. या एका माणसाच्या या एका मॉडेलात कुठली भिंत मोजलेली आणि कुठली अंदाजाने उभी केलेली, हे त्या माणसाला कळायला हवं हा मुद्दा त्यात बाजूलाच राहतो.

आता मूळ डेटा पेशंटला द्या असं मी का म्हणतोय. कारण मूळ स्लाइस नसतील तर ते पान तपासता येणार नाही, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं तर त्यालाही मॉडेलवरच विसंबावं लागेल. आणि फिल्म किंवा मोबाइलवर पाठवलेले चार फोटो म्हणजे डेटा नव्हे, त्यात ते आकडेच नसतात. अख्खी डायकॉम मालिका हातात असली तर दुसऱ्या ठिकाणी पुन्हा कड आखून दोन मॉडेल एकमेकांवर ठेवून बघता येतात. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअरच लागतं असंही नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी बॉस्टनमध्ये सुरू झालेलं थ्रीडी स्लायसर फुकट आहे, त्याचा कोड कोणालाही वाचता येतो, ब्राझीलच्या सरकारी संशोधन केंद्राने काढलेलं इनव्हेसालियस पण तसंच. हा, स्लायसर बनवणारे स्वतःच सांगतात की उपचारासाठी याला मान्यता नाही, आणि घरी बसून स्वतःच्या स्कॅनवरून निदान करायला निघणाऱ्यांना माझा मुळीच पाठिंबा नाही. पण कड कशी आखली जाते आणि आकडा थोडा इकडे-तिकडे केला की गाठ कशी फुगते-आकसते हे एकदा स्वतः बघितलं ना, की मॉडेलकडे बघायची नजर बदलते.

डेटा द्या म्हटलं की लगेच प्रायव्हसीची भीती घातली जाते. भीती खोटी नाही. डोक्याच्या स्कॅनमधून मेंदूचं मॉडेल बनतं तसंच त्वचेचंही बनतं, म्हणजे चेहरा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयवरून चेहरे तयार करून बाजारात मिळणाऱ्या फेस रेकग्निशनने त्यांच्या फोटोंशी जुळवले, आणि ८३ टक्के लोकांच्या बाबतीत बरोबर फोटो पहिल्याच निवडीत सापडला. नाव काढून टाकलं म्हणजे ओळख पुसली हे त्या दिवशी निकालात निघालं. पण यातून निष्कर्ष असा निघतो की हॉस्पिटलांनी आणि कंपन्यांनी हा डेटा पेशंटला न विचारता इकडे-तिकडे पाठवू नये, शिकवायला किंवा एआयला खायला घालू नये. ज्याचा चेहरा आहे त्यालाच तो देऊ नये असा निष्कर्ष कसा काय निघतो हे मला कोणीतरी समजावून सांगा.

अजून एक अडचण मॉडेलच्या बाहेरची आहे. स्कॅन होतो पेशंट पाठीवर झोपून श्वास रोखून धरतो तेव्हाचा. दुर्बिणीतून किडनीचं ऑपरेशन करताना तो बहुतेक वेळा कुशीवर असतो आणि पोटात गॅस भरलेला असतो, अवयव सरकलेले असतात. कवटी उघडली आणि द्रव निघून गेला की मेंदू खाली बसतो, कधी कधी सेंटिमीटरभर. सर्जनना हे पक्कं माहीत असतं, पण पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना नाही, आणि नंतर काही बिनसलं की "मॉडेलमध्ये तर शीर लांब होती" म्हणून वाद होतात ते यातूनच. त्या पानावर याबद्दल दोन ओळी असल्या तर डॉक्टरांचाही बचावच आहे.

मग राहतो तो नेहमीचा मुद्दा, की शंकेच्या जागा दाखवल्या तर पेशंट घाबरेल. घाबरेल कदाचित. पण ऑपरेशनच्या संमतीपत्रावर भूल दिल्यावर मृत्यूही येऊ शकतो असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली आपण त्याची सही घेतो, तेव्हा "गाठीची मागची बाजू स्कॅनवर स्पष्ट नाही म्हणून ती तुटक रेषेने दाखवलीये" एवढं ऐकायची ताकद त्याच्यात असते. तांत्रिकदृष्ट्याही हे अवघड नाही. एआय प्रत्येक व्हॉक्सेलला किती टक्के खात्री आहे ते आतल्या आत काढतच असतं, शेवटी ५० टक्क्यांच्या वरचं ठेवून बाकीचं फेकून देतं एवढंच. ही टक्केवारी दर वेळी खरीच असते असं नाही, एआय चुकीच्या ठिकाणीही ठाम असू शकतं, पण काहीच न दाखवण्यापेक्षा ती तपासून दाखवलेली बरी. हाताने आखणाऱ्यालाही कुठे अडखळलो ते माहीत असतं, त्याला फक्त ते सांगायला जागा द्यायची आहे.

सगळं एकदम होणार नाही हे मलाही कळतं. सुरुवात करवतीच्या साच्यांपासून करा, तिथे पान आणि सही नसेल तर साचा ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊच देऊ नका. मग ज्या मॉडेलवरून किती कापायचं हे ठरतं ती घ्या, आणि त्यानंतर पेशंटला समजवायला वापरतात ती. विद्यार्थ्यांना शिकवायच्या मॉडेलना सध्या सोडून द्या, तिथे एवढी घाई नाही.